खारा वारा उशिरा आला की...

पनवेल-माथेरान रस्त्यावरच्या सुकापुरात होळीच्या आधीच मे महिन्यासारखं ऊन भाजायला लागतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही असं का? उत्तर वाऱ्याच्या दिशेत आहे.

एरवी जमीन तापली की तिच्यावरची हवा वर जाते आणि दुपारच्या सुमारास पश्चिमेचा खारा वारा आत शिरून पारा रोखतो. पूर्वेचे वारे जोरात असले, तर तो अडतो किंवा उशिरा येतो. त्यातच पठारावरची कोरडी हवा सह्याद्री उतरताना दाबली जाते आणि दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने तापते. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस सांताक्रूझचा पारा ३८ अंशांपुढे गेला, तो अशाच वाऱ्यांमुळे.

मैदानात उष्णतेच्या लाटेसाठी किमान ४० अंश लागतात. किनाऱ्यावर ३७ पुरतात, मात्र तापमान सरासरीहून किमान ४.५ अंश जास्त हवं. शिवाय दमट हवेत घाम सुकत नाही, अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात पारा चाळिशीच्या आतच होता, तरी उष्माघाताने माणसं दगावली.

म्हणून अंदाजात कमाल तापमानाबरोबर आर्द्रता आणि वाऱ्याची दिशाही पाहा. वारे पूर्वेचे असतील, तर बाहेरची कामं सकाळीच उरकून घ्या.