बाळंतविडा किती मोठा असावा?

दुधनी हे सोलापूर–वाडी रेल्वेमार्गावरचं, कर्नाटकाच्या सीमेला खेटलेलं बाजारपेठेचं गाव. लेक बाळंतपणाला माहेरी आली की मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतून सल्ले सुरू होतात. त्यातले बरेचसे खर्चात पाडणारे असतात आणि काही बाळाला धोक्याचेही.

‘पहिलं बाळ आहे, सगळं नवंकोरं हवं’

आपली जुनी रीत नेमकी उलटी होती. बारशापर्यंत बाळाला जुनेच, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कपडे घालायचे. त्यात शहाणपण होतं, कारण नव्या कापडाची खळ आणि जाड शिवण कोवळ्या कातडीला टोचते. आजीच्या लुगड्याचे डझन-दीड डझन लंगोट, पाच-सहा झबली, दोन टोपडी, पायमोजे, तीन-चार दुपटी आणि एक मऊ टॉवेल एवढ्यात पहिला महिना निभावतो. टॉवेल तर सोलापूरचेच, ते लांबून मागवायला नकोत.

मात्र जुन्या कपड्यांत एक खरा धोका असतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ट्रंकेत ठेवलेल्या कपड्यांत बहुधा डांबरगोळ्या असतात. त्यातलं नॅफ्थलीन श्वासावाटे आणि कातडीतून बाळाच्या अंगात जातं. काही बाळांत ‘जी-6-पीडी’ या विकराची जन्मतः कमतरता असते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ मेंदूपर्यंत पोचू शकते. म्हणून ट्रंकेतले कपडे आधीच काढून धुवावेत आणि चांगले कडक उन्हात वाळवावेत. तरीही वास राहिला, तर बाळाच्या अंगाला लावूच नयेत. सैल बटणं आणि गळ्याजवळचे बंद आधीच काढून टाकलेले बरे.

‘डोकं गोल व्हायला मोहरीची उशी लागतेच’

लागत नाही. जन्मताना चेपलेलं डोकं बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप सारखं होतं. उशीने उलट मान पुढे वाकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, उशीशिवाय झोपवावं. तोंडाजवळ सैल पांघरूण नको. सोलापुरी चादर कितीही लाडकी असली, तरी ती आईने पांघरावी; बाळाला ती जड होते.

‘दूध उतरेपर्यंत डबा आणि बाटली आणून ठेवावी’

पैसा सर्वांत जास्त इथेच वाया जातो. पहिल्या दिवसांत येणारा पिवळसर चीक थोडाच असतो, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. तो पिळून टाकणं म्हणजे बाळाची पहिली लस फेकून देणं. 1992 च्या कायद्याने (2003 मध्ये तो आणखी कडक झाला) दुधाच्या डब्यांच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीला, तसंच आयांना त्यांचे फुकट नमुने देण्याला बंदी आहे. कुणी भेट म्हणून डबा देऊ लागलं, तर हे ध्यानात असू द्यावं. डबा एकदा घरात आला की तो पुरवण्यासाठी पावडर कमी आणि पाणी जास्त असा हिशेब सुरू होतो. तशाने बाळ हळूहळू उपाशी राहतं. डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलंच, तर उकळलेली वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरावं. बाटलीच्या बुचाचे कोपरे नीट साफ होत नाहीत.

काजळ आणि पावडर या दोन्ही गोष्टी यादीतून काढल्या तरी काही बिघडत नाही. काही काजळांत शिसं सापडतं आणि पावडरीची धूळ श्वासात जाते. तीट लावायचीच असेल, तर डोळ्यांत बोट नको.

‘सरकारी योजना पिवळ्या कार्डवाल्यांच्या’

सगळ्या नव्हेत. जून 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात येणाऱ्या कुठल्याही बाईचं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तिथला आहार आणि घरी सोडायची गाडी मोफत आहे. कार्डाचा रंग विचारायचा नसतो. कार्यक्रम देशभर आहे, त्यामुळे सासर कर्नाटकात असलं तरी अडत नाही. आजारी बाळावरचे उपचार वर्षभरापर्यंत मोफत. पंतप्रधान मातृवंदना योजनेत मात्र अटी आहेत. त्या बसल्या तर पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6,000. राज्याने 2019 मध्ये आणखी एक योजना आणली. पहिलं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं, तर अंगणवाडीमार्फत सुमारे दोन हजारांचं बेबी केअर किट द्यायचं. त्यात कपडे, मच्छरदाणी, थर्मामीटर असं सामान असतं. ते बाळ झाल्यावर मिळतं, म्हणून पहिल्या दिवसाचे कपडे घरूनच न्यावेत आणि किटची चौकशी अंगणवाडीताईंकडे सातव्या महिन्यातच करून ठेवावी.

‘वजन कमी भरलं, म्हणजे काचेची पेटी’

दरवेळी नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं, तर आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधून ठेवण्याची कांगारू पद्धत ऊब देते आणि दूधही वाढवते. ती 1978 च्या सुमारास कोलंबियात पेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झाली. घरच्या घरी नवजात बाळ वाचवता येतं, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन वजन-ताप बघतात, त्याचं एक मूळ त्या कामात आहे. मात्र बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं किंवा तापलं, श्वास घेताना छाती आत जाऊ लागली, तर त्यांच्या पुढच्या फेरीसाठी थांबायचं नाही. 102 किंवा 108 ला फोन करावा. त्या गाडीलाही पैसे पडत नाहीत.