मूल घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय का?

"आमचा पाच वर्षांचा मुलगा अगदी आजोबांसारखा घोरतो," हे सांगताना बहुतेक आई-बाबा हसत असतात. सोबतची आजी म्हणते, "दिवसभर हुंदडतो हो, दमून गाढ झोपतो." आजीचं हे म्हणणं मला नेहमी खोडावं लागतं. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. श्वासाच्या वाटेत अडथळा आहे, एवढंच तो आवाज सांगतो.

मुलांमध्ये हा अडथळा बहुतेक वेळा अ‍ॅडेनॉइड आणि टॉन्सिलचा असतो. टॉन्सिल घशात दोन्ही बाजूंना दिसतात. अ‍ॅडेनॉइड नाकाच्या मागे असतात, 'आ' करून दिसत नाहीत. साधारण २ ते ८ या वयात वाट लहान आणि या गाठी मोठ्या असतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की वाट आणखी आवळते. काही मुलांचा श्वास काही सेकंद अडतोच. मग मेंदू त्यांना अर्धवट जागं करतो, मूल दचकतं, कूस बदलतं, पुन्हा घोरू लागतं. रात्रीतून हे अनेकदा होतं आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही.

झोप पुरी झाली नाही की मोठी माणसं पेंगतात. मुलं उलट जास्त चुळबुळ करतात, चिडतात, वर्गात लक्ष देत नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला शाळेनं 'अतिखोडकर' ठरवलं होतं आणि घरी तो रोज बोलणी खात होता. रात्री तो कसा झोपतो, हे कुणी विचारलंच नव्हतं.

सर्दीत चार दिवस घोरला तर सोडून द्या. पण सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, मान मागे टाकत असेल, घामाघूम होत असेल, किंवा सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर दाखवा. येताना मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ आणा. शक्यतो पहाटेचा, कारण त्रास तेव्हा वाढतो. सदरा वर करा, छाती-पोट दिसू द्या. आवाजापेक्षा मला ती ओढ बघायची असते. ओठ निळे पडत असतील तर व्हिडिओ करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही. अ‍ॅलर्जी असेल तर नाकातला स्टिरॉइड स्प्रे काही आठवडे नेमानं वापरून पुष्कळांना आराम पडतो. घरातली विडी-सिगारेट बंद करा. वजन जास्त असेल तर तेही बघावं लागतं. गरज पडल्यास झोपेची तपासणी करतो.

२०१३ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात झोपेत श्वास अडणारी ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं होती. ऑपरेशन केलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी नॉर्मल आली. नुसती वाट पाहिलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची आली. म्हणून त्रास सौम्य असेल तर मी घाई करत नाही. ऑपरेशननं मुलांचं वागणं आणि झोप सुधारली, पण एकाग्रतेच्या चाचणीत ठळक फरक पडला नाही. तेव्हा टॉन्सिल काढले की पहिला नंबर येईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

"प्रतिकारशक्ती जाईल का?" हा प्रश्न हमखास येतो. तेच काम करणाऱ्या पेशी शरीरात इतरत्र भरपूर असतात. मला जास्त काळजी रक्तस्रावाची असते. खपली सुटताना, म्हणजे दोन आठवड्यांपर्यंत, तो होऊ शकतो. त्या दिवसांत लांबचा प्रवास नको, आणि थुंकीत ताजं रक्त दिसलं तर रात्र असली तरी लगेच निघा.

त्या 'अतिखोडकर' मुलाचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी आई सांगत होती, "आवाजच येईना, म्हणून मीच घाबरून दोनदा उठले. नाकाखाली बोट धरून बघितलं."