पाठीचं ऑपरेशन झालं, आता घरी कसं राहायचं?

मणक्याच्या ऑपरेशननंतर साधारण १० ते १४ दिवसांत टाके निघतात आणि घरच्यांना वाटतं, बाई बरी झाली. वरची कातडी जुळते हो, आतलं भरून यायला काही महिने लागतात. तोवर वाकणं, कंबरेतून वळणं आणि वजन उचलणं बंद. १५ लिटर पाण्याचा गुंड म्हणजे १५ किलो वजन, वर गुंडाचं वेगळं. आपल्या वाशिमकडची सोयाबीनची सोंगणी तर दिवसभर वाकूनच. डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच विळा हातात घ्या.

पण खाटेला खिळूनही राहू नका. अंगणात रोज थोडं थोडं चाला, नाहीतर पायात रक्ताच्या गाठी होऊ शकतात. उठताना खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर व्हा, पाय खाली सोडा, मग हाताच्या जोरावर उठा. उकिडवं बसू नका. शौचाला भांड्याची खुर्ची बरी. स्वयंपाक ओट्यावर, उभ्यानं, सासूबाई काहीही म्हणोत!

ताप आला, जखमेतून पू किंवा पाणी आलं, पोटरी सुजली तर त्याच दिवशी दवाखाना. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, पायातलं बळ गेलं किंवा एकाएकी दम लागला तर सकाळची वाट पाहू नका. बसायच्या जागेचं घरच्या पुरुषांना सांगायला बाई लाजते, आणि तेवढ्यात पाय कायमचा अधू होऊ शकतो. रात्र असली तरी १०८ ला फोन लावा.