नाकावरून ओळखा मिग!

बागेत किंवा म्युझियमच्या दारात जुनं लढाऊ विमान दिसलं की आपण काय करतो? मोबाइल काढतो, सेल्फी घेतो, स्टेटसला टाकतो. मग कुणीतरी विचारतं, 'कुठलं विमान आहे रे?' आणि आपण ठोकून देतो, 'मिग असेल!'

गंमत म्हणजे हे उत्तर पुष्कळदा बरोबर निघतं. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं मिग-२१ थेट २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झालं. विमान सोव्हिएत बनावटीचं, पण त्यातली शेकडो विमानं आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, ओझरच्या एचएएलमध्ये तयार झाली. नाशिककर आजही 'ओझर मिग' असंच म्हणतात. आता 'असेल' सोडा, खात्रीने सांगायला शिका. बघायच्या गोष्टी तीनच.

नाक : मिग-२१ च्या नाकाच्या टोकाला मोठं गोल भोक असतं आणि त्यात एक सुळका. इंजिनाची हवा इथूनच आत जाते. आवाजापेक्षा जास्त वेगाने येणारी हवा इंजिनाला झेपत नाही. सुळका पुढे-मागे सरकून तिला आवरतो. रडारही त्याच सुळक्यात. म्हणजे मोठं रडार बसवायला जागाच नाही! पण थांबा, असंच नाक सुखोई-७ लाही होतं. म्हणून लगेच पंख बघा.

पंख : सुखोई-७ चे पंख मागे झुकलेले, मिग-२१ चे त्रिकोणी आणि आखूड. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम सात मीटर. वेगासाठी एकदम भारी, पण कमी वेगात एवढेसे पंख विमानाला तोलून धरत नाहीत. त्यामुळे उतरतानाही वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर. चुकीला वाव कमी.

'रंग दे बसंती'तला अजय राठोड आठवतो ना? तो मिग-२१ च्याच अपघातात जातो. खऱ्या आयुष्यात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ मध्ये राजस्थानात सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेले. त्यानंतर त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी वैमानिकांच्या सुरक्षेसाठी लढा दिला. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं असतं. पण नवख्या पायलटला कमी वेगाच्या ट्रेनरवरून या विमानाकडे मोठी उडी घ्यावी लागायची, हे खरं. मधली पायरी असलेलं 'हॉक' ट्रेनर हवाई दलात आलं ते २००८ मध्ये.

पाठ आणि पोट : ओझरला मिग-२१ चे एफएल, एम आणि बिस असे प्रकार बनले. पाठ सडपातळ आणि प्रत्येक पंखाखाली शस्त्र टांगायची एकच जागा असेल, तर एफएल. यात तोफच नव्हती. क्षेपणास्त्रं असताना तोफ कशाला, असा तेव्हाचा विचार! १९७१ च्या युद्धात मात्र पोटाखाली वेगळी तोफ टांगावी लागली. एम आणि बिसमध्ये ती मुळातच बसवलेली, शिवाय प्रत्येक पंखाखाली दोन जागा. या दोघांत पाठ जास्त फुगीर ते बिस.

आता परीक्षा. पुढच्या मुंबई ट्रिपला वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला जा. तिथलं लढाऊ विमान बघा. नाक बंद, हवेसाठी दोन्ही बाजूंना तोंडं, इंजिनं दोन, कंबर बारीक. 'मिग असेल' म्हणालात तर नापास! ते आहे मारुत, बंगळुरूच्या एचएएलमध्ये बनलेलं.

आणि हो, तुमच्या वर्गात नाशिककडचं कुणी आहे का? त्यांच्या घरात, नात्यात कुणी ओझरला कामाला होतं का, विचारा. असेल तर पुढचा प्रश्न तयार ठेवा : 'तुम्ही बनवलेलं एफएल की बिस?' या प्रश्नावर समोरचे आजोबा खुर्ची पुढे ओढून बोलायला बसतील.