लष्करी डॉक्टर: समज आणि वास्तव

पुण्यातल्या वानवडीच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातून (एएफएमसी) एमबीबीएस केलं की लष्करी डॉक्टर तयार झाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण पदवी आणि इंटर्नशिपनंतर त्याला लखनऊच्या आर्मी मेडिकल कोअर केंद्रात जावं लागतं. तिथे शस्त्र चालवणं, नकाशा वाचणं आणि जखमींना मागे हलवण्याची व्यवस्था लावणं, हे सगळं शिकावं लागतं. शिवाय एएफएमसी हा एकच दरवाजा नाही. नागरी महाविद्यालयातले डॉक्टरही मुलाखत देऊन शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर (ठरावीक वर्षांच्या लष्करी सेवेत) येतात.

गोळी लागली की डॉक्टर धावतो, हे सिनेमातलं. जखमी जवानाला पहिला हात लावतो तो शेजारचाच जवान. पलटणीतल्या काही जवानांना ‘बॅटलफील्ड नर्सिंग असिस्टंट’ म्हणून मुद्दाम तयार केलेलं असतं. टाळता येण्याजोगे बहुतेक मृत्यू रक्तस्रावाने होतात. त्यामुळे वेळेवर आवळलेला टूर्निकेट (रक्त थांबवणारा पट्टा) मागच्या दवाखान्यातल्या सर्जनपेक्षा आधी जीव वाचवतो.

सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे लष्करी वैद्यक म्हणजे जखमा शिवणं. १९४३ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे पाठवावे लागत होते, असं तिथले ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी लिहून ठेवलं आहे. मलेरिया हा मोठा शत्रू होता. तो टाळायला मेपाक्रिनची पिवळी गोळी रोज घ्यायची, तर ‘तिने पुरुषत्व जातं’ अशी अफवा! (अफवांना कुठलीच आघाडी वर्ज्य नसते.) स्लिमनी अचानक तपासण्या लावल्या आणि ढिलाई दिसली तिथे तीन कमांडिंग ऑफिसरांना घरचा रस्ता दाखवला. बाकीच्यांना इशारा पुरला. म्हणजे आजार रोखण्याची जबाबदारी एकट्या डॉक्टरची नव्हे, कमांडरचीही. सियाचीनमध्येही टप्प्याटप्प्याने उंचीची सवय करून घेतल्याशिवाय जवानाला वर धाडत नाहीत, कारण विरळ हवेत धडधाकट माणसाच्याही फुप्फुसांत पाणी भरतं.

डॉक्टरला शस्त्र बाळगता येत नाही, हेही खरं नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार स्वतःच्या आणि रुग्णांच्या रक्षणासाठी त्याला ते चालतं.

आणि युद्ध नसताना ही मंडळी रिकामी बसतात, असं म्हणणाऱ्यांनी भारतीय लष्कराच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलकडे पाहावं. कोरियन युद्धात लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली नाव कमावलेलं हेच पथक फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर आठवड्याच्या आत तुर्कस्तानात इस्केन्देरूनला दवाखाना थाटून रुग्ण तपासत होतं.