भंगलेल्या धातूची साक्ष

चालत्या यंत्राचा एखादा भाग मोडला म्हणजे दोन उत्तरें ताबडतोब पुढें येतात : माल हलका होता, नाहीं तर चालविणाऱ्यानें हयगय केली. हीं दोन्ही उत्तरें तपासाच्या आधींचीं असल्यामुळें त्यांची योग्यता तर्कापेक्षां अधिक नसते. वैद्यकांत चिकित्सेच्या पूर्वीं निदान करावें लागतें, तसेंच तें यंत्रविद्येंतही करावें लागतें. सुदैवाची गोष्ट ही कीं, धातु जेथें तुटतो तेथील पृष्ठभागावर तो आपल्या तुटण्याची हकीकत स्वतःच लिहून ठेवीत असतो. ती लिपि फार सूक्ष्म असते. आणि ती वाचण्याचें आजचें मुख्य साधन म्हणजे 'स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप' होय. याची किंमत लाखांच्या घरांत सुरू होऊन कोटींच्या घरांत जाते. आमच्या वाचकांच्या घरोघर आज कोणी मुलगा, मुलगी वा सून कारखान्यांत किंवा इंजिनियरिंग कॉलेजांत काम करीत असते, आणि असें यंत्र विकत घेण्याच्या कमिटीवर बसण्याचा प्रसंग त्यांच्यावर केव्हां येईल याचा नेम नाहीं. तेव्हां धातूच्या भंगाचा तपास करण्यासाठीं हें यंत्र कसें निवडावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

असा तपास किती मोलाचा असतो हें प्रथम एका प्रसिद्ध उदाहरणानें सांगतों. ता. १९ जुलै १९८९ रोजीं अमेरिकेंत डेन्व्हरहून शिकागोस निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० जातीच्या विमानांत, शेपटीकडील एंजिनाच्या पंख्याची मोठी चकती आकाशांत फुटली. तिच्या तुकड्यांच्या माऱ्यानें विमानाचीं सुकाणूं हालविणाऱ्या तेलाच्या दाबाच्या तीनही योजना निकामी झाल्या. वैमानिकांनीं उरलेल्या दोन एंजिनांचा जोर कमीजास्त करून विमान कसेंबसें आयोवा संस्थानांतील सू सिटी येथें उतरविलें. आंत २९६ माणसें होतीं; त्यांपैकीं ११२ दगावलीं. चकतीचे मोठे तुकडे जवळजवळ तीन महिन्यांनीं आल्टा या गांवाजवळच्या शेतांत सांपडले, आणि त्यांनीं सर्व हकीकत सांगितली. टायटेनियम धातु तयार होत असतां त्यांत नायट्रोजनाच्या योगानें एक कठीण व ठिसूळ गांठ राहून गेली होती. त्या जागीं पडलेला खळगा दीड मिलिमीटरहूनही लहान होता. पण तेथून निघालेली भेग प्रत्येक उड्डाणाबरोबर थोडी थोडी पुढें सरकत गेली. भंगलेल्या पृष्ठावरील रेषा मोजल्या तेव्हां त्यांची संख्या चकतीच्या एकंदर उड्डाणांशीं, म्हणजे सुमारें १५,५०० शीं, बरीच जुळली. भेग पहिल्यापासूनच वाढत होती हें यावरून सिद्ध झालें. इतकेंच नव्हे, तर अपघाताच्या ७६० उड्डाणें आधीं त्या चकतीची तपासणी झाली, त्या वेळीं ही भेग सुमारें अर्धा इंच लांब होती व ती दृष्टीस पडावयास हवी होती, असा निष्कर्ष अमेरिकन सरकारच्या चौकशी-मंडळानें १९९० सालीं काढिला. वैमानिक निर्दोष ठरले. सुधारणा कोठें करावयाची तें कळलें. हें सर्व तुटलेल्या धातूवरील रेषांनीं सांगितलें.

अशा रेषा साध्या सूक्ष्मदर्शकानें नीट कां वाचतां येत नाहींत? याचीं कारणें दोन. एक म्हणजे, मिलिमीटरच्या सुमारें पांच-सहस्रांशापेक्षां जवळ असलेले दोन बिंदु प्रकाशाच्या साहाय्यानें निरनिराळे दिसत नाहींत. दुसरें असें कीं, भंगलेलें पृष्ठ डोंगराळ मुलुखासारखें उंचसखल असतें. शिखर स्पष्ट दिसूं लागलें कीं दरी अंधुक होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांत तप्त तारेंतून निघालेले विद्युत्कण काहीं हजारांपासून तीस हजार व्होल्टपर्यंतच्या दाबानें ओढून, चुंबकीय भिंगांनीं त्यांची सुईच्या टोंकाहून बारीक धार करितात. आणि पोथी वाचणाऱ्याचें बोट जसें ओळीमागून ओळ फिरतें, तशी ती धार पदार्थावर फिरवितात. तेथून उसळणारे कण गोळा करून पडद्यावर चित्र उमटवितात. जर्मनींत माक्स क्नोल यानें १९३५ सालीं या तत्त्वाचा आरंभ केला. केंब्रिज येथें चार्ल्स ओटली व त्याचे शिष्य यांनीं १९४८ पासून त्यावर परिश्रम केले. आणि १९६५ सालीं हें यंत्र 'स्टिरिओस्कॅन' या नांवानें बाजारांत आलें. शिखर व दरी एकाच वेळीं स्पष्ट दाखविणें, हा याचा सर्वांत मोठा गुण होय.

या चित्रांत काय दिसतें तें आमच्या गृहिणींस त्यांच्याच स्वयंपाकघरांतील उपमांनीं चांगलें उमजेल. मऊ, चिवट धातु ओढून तुटला तर त्याच्या पृष्ठावर अनारशासारखी जाळी पडते. ठिसूळपणानें कणांतून चिरत गेला तर फोडलेल्या खडीसाखरेसारखे चकचकीत पैलू दिसतात. कणाकणांमधील सांधाच सुटला असेल, तर बुंदीचा लाडू फुटून प्रत्येक कळी अखंड राहावी तसें दृश्य असतें. आणि तार पुनः पुनः वांकविल्यानें जशी तुटते, तसा वारंवारच्या ताणानें थकून धातु तुटला असेल, तर ओहोटीनंतर पुळणीवर राहणाऱ्या लाटांच्या खुणांप्रमाणें समांतर रेषा दिसतात. या चार मुद्रा ओळखणें हें तपासाचें मुख्य काम.

आतां निवडीकडे वळूं. विक्रेत्याच्या पत्रकांत पहिला आंकडा असतो तो 'किती लाख पट मोठें दिसतें' याचा, आणि पुष्कळ खरेद्या त्याच आंकड्याला भुलून होतात. परंतु भंगाचा तपास दहा-वीस पटींवर सुरू होतो. भेग कोठून निघाली ती जागा प्रथम शोधावी लागते, आणि पुढें बहुतेक काम पांच-दहा हजार पटींच्या आंत संपतें. म्हणून कमी पटींत विस्तृत प्रदेश स्वच्छ दाखविणारें यंत्र अधिक उपयोगी. टंगस्टनच्या तारेचें साधें यंत्र उत्तम स्थितींत सुमारें तीन नॅनोमीटरपर्यंतचें अंतर दाखवितें. 'फील्ड एमिशन' जातीचें महाग यंत्र एक नॅनोमीटरपर्यंत जातें. थकव्याच्या रेषांमधील अंतर सामान्यतः शंभर नॅनोमीटर वा त्याहून अधिक असल्यामुळें या कामास साधी तार पुरते. ती शंभर-एक तासांनीं जळते खरी, पण ती स्वस्त असून आपल्या हातानें बदलतां येते. महाग यंत्राचें टोंक वर्षाहून अधिक टिकतें. परंतु त्याला अत्यंत शुद्ध निर्वात पोकळी लागते, आणि तेलकट, गंजके तुकडे तींत नेणें तिला मानवत नाहीं. अतिसूक्ष्म कणांचें वा पातळ थरांचें संशोधन करावयाचें असेल तरच तो खर्च सार्थ आहे.

दुसरी गोष्ट पेटीची. मेजावर मावणाऱ्या लहान यंत्रांत बोटाएवढा तुकडा जातो. दांतेरी चक्राचा वा आंसाचा तुकडा जात नाहीं. मग तो कापावा लागतो. कापण्यानें उष्णता लागते, कीस उडतो, पाणी-तेल पृष्ठावर चढतें. आणि प्रकरण न्यायालयांत असेल तर दोन्ही पक्षांच्या संमतीवांचून पुराव्यास करवत लावतां येत नाहीं. यासाठीं मोठें दार, कांहीं किलो वजन पेलणारी आणि कलती व फिरती बैठक यांवर पैसा खर्चावा.

तिसरी गोष्ट, द्रव्य ओळखण्याची सोय. माघारीं उसळणाऱ्या कणांच्या चित्रांत जड मूलद्रव्यें उजळ व हलकीं काळसर दिसतात. त्यामुळें धातूंत अडकलेला मळ लगेच नजरेस येतो. तो मळ कशाचा हें पृष्ठांतून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या शक्तीवरून मोजणाऱ्या उपकरणानें, ज्यास 'ईडीएस' म्हणतात त्यानें, कळतें. हें उपकरण घ्यावेंच. पण त्याच्या मर्यादा जाणून घ्यावें. गंधक आणि मॉलिब्डेनम यांचे किरण इतके जवळजवळ असतात कीं, मॉलिब्डेनमयुक्त पोलादांत गंधक आहे कीं नाहीं हें त्यास उलगडणें कठीण जातें. तेथें 'डब्ल्यूडीएस' नांवाचें अधिक सूक्ष्म उपकरण लागतें. हायड्रोजन तर त्याला मुळींच दिसत नाहीं. जस्ताचा मुलामा दिलेले अतिकठीण बोल्ट हायड्रोजन मुरल्यामुळें तुटतात, तेव्हां लाडवाच्या फुटक्या कळ्यांसारखें दृश्य आणि मुलाम्याची हकीकत यांवरूनच अनुमान करावें लागतें.

चौथी गोष्ट, कमी निर्वातांत काम करण्याची सोय. गंज व रंग विजेस वाट देत नाहींत. त्यांवर विद्युत् सांचून चित्र भगभगीत होतें. पेटींत थोडा वायु ठेवतां आला म्हणजे ही अडचण टळते व सोन्याचा पातळ थर चढवून पुरावा झांकावा लागत नाहीं.

शेवटीं जागा व माणूस. शेजारीं घण चालत असेल, भिंतीपलीकडे रोहित्र असेल, तर उत्तम यंत्रही कांपरें चित्र देतें. दुरुस्तीचा माणूस किती दिवसांत येतो व वार्षिक देखभालीस काय पडतें हें लेखी घ्यावें. विक्रेता आपलें यंत्र दाखवितांना कार्बनावरील सोन्याच्या कणांचा ठेवणींतला नमुना पुढें करितो. तो जरूर पहावा, पण आपण आपला मोडका, गंजका तुकडा बरोबर न्यावा आणि त्यावरील भेगेचें मूळ शोधून दाखवा असें म्हणावें. कोणत्याही पत्रकापेक्षां ही परीक्षा खरी.

यंत्र घरीं आलें तरी कांहीं नियम पाळावेच लागतात. तुटलेले दोन भाग जुळवून पाहूं नयेत, कारण घांसल्यानें रेषा पुसतात. तारेचा ब्रश लावूं नये. पृष्ठास बोट लावूं नये. या शेवटच्या नियमाचें महत्त्व न्यायशास्त्र जाणणाऱ्यांस विशेष पटेल. धूमावरून अग्नीचें अनुमान होतें हें खरें; पण दुरून दिसणारी वाफ धूर समजून केलेलें अनुमान हा हेत्वाभासच. भंगलेल्या पृष्ठावर क्लोरीन आढळला म्हणजे खाऱ्या गंजानें धातु खाल्ला असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो क्लोरीन हाताळणाऱ्याच्या घामांतील मिठाचाही असूं शकतो. हा भेद यंत्रास कळत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं, खरेदीच्या रकमेंतून भिंगांची चैन कमी करून, तें चालविणाऱ्या माणसाच्या वर्ष-दोन वर्षांच्या शिक्षणाची तरतूद आधीं करावी, आणि मग उरलेल्या पैशांत बसेल तें यंत्र घ्यावें.