उघड्या जीपमधली बंदूक

समजा, वाडीवर लग्न आहे. मांडवाबाहेर पाहुण्यांची जीप उभी आहे. दार नुसतेच ओढून घेतलेले, कुलूप नाही. मागच्या बाकावर पोत्याखालून बंदुकीचा दस्ता दिसतो आहे. रानडुकरे भुईमूग उकरतात म्हणून पाहुण्यांनी पीकरक्षणाचा रीतसर परवाना काढून ती घेतलेली. तुमचा एकोणीस वर्षांचा मुलगा तिथे येतो. दोस्त म्हणतो, "चल, माळावर एक बार काढू आणि परत ठेवू."

पाच मिनिटांची गंमत! पण तिच्यापायी काय ओढवते, ते मुलाला आजच सांगून ठेवा.

"दार उघडंच होतं की!"

अंगणात वाळत घातलेले लुगडे कुणी नेले, तर आपण त्याला चोरच म्हणतो. दोरीला कुठे कुलूप असते? कायद्याचेही तसेच आहे. मालकाच्या संमतीवाचून, लबाडीने वस्तू जागची हलवली की चोरी पुरी झाली. ती घरी पोचायलाच हवी असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. माल किंवा उतारू नेणाऱ्या वाहनातून चोरी केली, तर कलम ३०५ खाली कैद सात वर्षांपर्यंत जाते.

"परत ठेवणारच होतो!"

१९५२ साली जोधपूरला हवाई दलाच्या दोन शिकाऊ तरुणांनी परवानगीवाचून विमान नेले आणि ते पाकिस्तानात उतरले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वस्तू थोड्या वेळापुरती नेली तरी ती चोरी ठरू शकते, असा निकाल १९५७ साली लागला. विमानाला जे लागू, ते बंदुकीलाही लागू.

दुसरा गुन्हा जास्त जड

लुगडे चोरले तर गुन्हा एक. बंदूक चोरली तर गुन्हे दोन! १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, मग ती ठासणीची का असेना. नुसती काडतुसे खिशात घातली तरी तेच. २०१९ साली हा कायदा कडक झाला. पूर्वी कलम २५ खाली अशा गुन्ह्याला एक ते तीन वर्षे कैद होती, आता किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे, शिवाय दंड. खास कारण नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकते, पण त्या भरवशावर कुणी राहू नये.

बंदूक कडब्याच्या गंजीत दडवली, तरी ताबा सुटत नाही. हातात नसली तरी जाणूनबुजून आपल्या कह्यात असली की ताबा धरता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली सांगितले आहे. मायेपोटी आईने चोरीची बंदूक लपवली, तर तीही गुन्ह्यात सापडते. मूल अठरा वर्षांच्या आतले असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.

मग करावे काय?

उघड्या गाडीत बंदूक दिसली तर हात लावू नका. मुलांना दूर करा आणि मालकाला बोलवा. मालक सापडत नसेल तर पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ वर फोन करा. मालकाने दुरुस्तीसाठी बंदूक पोचवायला सांगितली, तर त्याची लेखी चिठ्ठी असल्याशिवाय नेऊ नका.

चूक होऊन गेलीच असेल, तर रात्री गुपचूप परत ठेवून ती पुसली जात नाही. बंदूक आहे तिथेच राहू द्या. लगेच वकिलाचा सल्ला घ्या आणि पोलीस पाटलांना बरोबर घेऊन ठाणे गाठा.

आणि परवानाधारक बंधूंनो, तुम्हीही ऐका. बंदूक चोरीला गेली तर ताबडतोब पोलिसांना कळवणे ही परवान्याचीच अट आहे. अट मोडली तर शिक्षा होऊ शकते, परवानाही जाऊ शकतो. बैल आपण दावणीला बांधल्याशिवाय झोपत नाही. मग बंदूक उघड्या गाडीत ठेवून लग्नाच्या पंगतीला कसे बसता?